लालसरी

पाण्यात बुडी मारून अन्न शोधणारे एक स्थलांतरी बदक. याचा समावेश ॲनॅटिडी कुलातील ॲथिया प्रजातीत होतो. शास्त्रीय नाव ॲथिया फेरिना. उत्तर अमेरिकेतील कॅनव्हासबॅक व रेडहेड ही बुडी बदके याच प्रजातीतील होत. यूरोप व सायबीरियात वीण उरकून लालसरी हिवाळ्यात भारतात येते. महाराष्ट्रात ती पैठणचा नाथसागर, नांदूर मध्यमेश्वर अशा जलाशयांवर आढळते.

लांबी ४२–४९ सेंमी. नराचे डोके व मान तांबूस तपकिरी, डोळे लाल, छाती काळी आणि पाठ फिकट राखाडी असते. काळपट चोचीवर राखाडी पट्टा असतो. मादी करडी-तपकिरी दिसते. पाय शरीराच्या बऱ्याच मागच्या बाजूस असल्याने बुडी मारणे सोपे जाते, पण जमिनीवरची चाल बेंगरूळ होते. उडताना ती पाण्यावर काही अंतर धावते आणि मगच हवेत उठते. पाणवनस्पतींचे कोंब, मुळे व बिया, गोगलगाई, कीटक हे तिचे अन्न. दिवसा थव्याने पाण्यावर तरंगत विश्रांती घेते. बरेचदा रात्री चरते.

मादी पाणथळीतील दाट गवतात किंवा बोरूत घरटे करून साधारणतः ८–१० अंडी घालते व सुमारे २५ दिवस एकटीच उबवते.

पाणथळींचा ऱ्हास, प्रदूषण व शिकार यांमुळे संख्या घटत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ पासून तिला असुरक्षित जातींत गणले आहे.