हत्थाजोडी : मुळी नव्हे, घोरपडीचा अवयव

इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर या माळवा-निमाडच्या पट्ट्यात तांत्रिक पूजेच्या साहित्यात ‘हत्थाजोडी’चे नाव परिचित आहे. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तू अमरकंटकच्या जंगलातील दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून, धनलाभाच्या आशेने विकली जाते. वास्तविक ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. डीएनए तपासणीतून ते सिद्ध झाले, आणि 2017 साली या व्यापाराचा देशभर बोभाटा झाला. संकेतस्थळांवरून हा माल परदेशी ग्राहकांनाही देऊ केला जात होता. काही ठिकाणी प्लास्टिकच्या साच्यातील नक्कल खपवली जाते. असा फसलेला ग्राहक कायद्यापुरता तरी सुदैवीच म्हणावा लागेल.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन ‘साइट्स’ करार करतो. 1973 मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या या करारात भारत 1976 मध्ये सहभागी झाला. हा करार सरसकट बंदी घालत नाही. प्रजाती तीन परिशिष्टांत विभागून परवान्यांची अट घालतो. मात्र पहिल्या परिशिष्टातील वन्य प्राण्यांच्या व्यापारी देवघेवीला मनाई आहे, आणि सामान्य घोरपड त्याच परिशिष्टात आहे. बंधन जिवंत प्राण्यापुरते नाही. कातडी, अवयव, त्यांपासून बनवलेल्या वस्तू, सारे त्यात येते. पादत्राणे व पिशव्यांसाठी घोरपडीची कातडी एकेकाळी भारतातून मोठ्या प्रमाणावर परदेशी जात असे.

देशांतर्गत कायदा याहून कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत भारतातील चारही घोरपडी आहेत. त्यामुळे हत्थाजोडी सीमेपार पाठवणेच नव्हे, विकणे आणि बाळगणेही गुन्हा ठरतो. शिक्षा तीन ते सात वर्षे कारावास व किमान 25 हजार रुपये दंड. ‘साइट्स’च्या तरतुदी या अधिनियमात स्वतंत्र प्रकरण म्हणून आल्या त्या 2022 च्या दुरुस्तीने, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली.

गोमंतकीयांना हा प्राणी परका नाही. घुमटाचे तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवले जाई. आता बकरीचे कातडे वापरतात. घुमटाला निदान पर्याय सापडला. हत्थाजोडीची अडचण वेगळी आहे : मुळी म्हणून पाकिटात बंद झालेला अवयव टपालात वा सीमाशुल्क नाक्यावर संशय जागवीत नाही, आणि घेणाऱ्यालाही आपण एका प्राण्याचा जीव विकत घेतला हे ठाऊक नसते.