पेनड्राइव्हवरून काय जातं, काय मागे राहतं

शाळेचं संमेलन असो, मंडळाची सभा असो की घरातल्या आजोबांची पंचाहत्तरी, भिंतीवर सरकणारे फोटो आणि मजकूर आता ठरलेलेच. घरच्या संगणकावर तीनदा पाहून घेतलेलं ते प्रेझेंटेशन सभागृहातल्या संगणकावर लावलं की ओळी चौकटीबाहेर जातात, कुठे फोटो दिसत नाही, कुठे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मैत्रिणींनो, हे का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

पॉवरपॉइंट आपल्याला विंडोजचंच वाटतं, पण त्याचं माहेर मॅकिंटॉश. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं. एप्रिल १९८७मध्ये ते बाजारात आलं, तेही कृष्णधवल. त्यावरून पानं छापून पारदर्शक फिल्म करायच्या आणि प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायच्या. फिल्म एकदा हातात आली, की ती कोणत्या संगणकावर तयार झाली याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती कंपनी घेतली आणि १९९०मध्ये पॉवरपॉइंट विंडोजवर आलं.

पुढे फिल्म गेली, संगणकच प्रोजेक्टरला जोडला जाऊ लागला, आणि फाइल इकडून तिकडे न्यायची वेळ आली. खरी अडचण तिथे सुरू झाली. फाइलमध्ये सगळं असतं असं आपण धरून चालतो, पण अक्षरांचा फॉन्ट सहसा तिच्यात नसतो. तिच्यात असतं फक्त फॉन्टचं नाव. दुसऱ्या संगणकावर तो नसेल, तर जवळपासचा दुसरा वापरला जातो. त्याची अक्षरं जरा रुंद असली की ओळ खाली सरकते. चित्रांचंही तसंच. मॅकवर चिकटवलेलं चित्र विंडोजवर उघडलं, की त्या जागी ‘हे पाहायला क्विकटाइम लागेल’ अशी सूचना येई. व्हिडिओ तर २०१०च्या आवृत्तीपर्यंत बहुधा फाइलबाहेरच असायचा. आत फक्त त्याचा पत्ता.

मराठीची गोष्ट याहून अवघड. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. डोळ्यांना ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ते कुठलंसं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच होतं. फॉन्ट गेला की मराठी गेली. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. ‘क’चा क्रमांक २३२५, मग संगणक विंडोजचा असो, मॅक असो की लिनक्स. फॉन्ट बदलला तर वळण बदलेल, पण ‘क’ हा ‘क’च राहील.

फाइलच्या रचनेचंही हळूहळू जमलं. मुक्त दस्तऐवजांचा ओडीएफ नमुना २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. पॉवरपॉइंटचा पीपीटीएक्स २००७च्या आवृत्तीबरोबर आला आणि त्यामागच्या नमुन्याला २००८मध्ये तशीच मान्यता मिळाली. त्यामुळे ॲपलचं कीनोट किंवा लिबरऑफिसचं इम्प्रेस या फाइली बऱ्यापैकी उघडतं. फॉन्टचा प्रश्न मात्र अजून थोडा उरतोच. म्हणून कार्यक्रमाला जाताना सोबत एक पीडीएफ प्रत असू द्यावी. तिच्यात फॉन्ट बांधूनच देता येतो; हलती चित्रं तेवढी जातात.

पण मला काळजी वाटते ती उद्याच्या कार्यक्रमाची नाही, कपाटातल्या सीडींची. वंशावळी, सासूबाईंनी सांगितलेल्या पाककृती, कुणाच्या साठीला लिहिलेला मजकूर, असं कितीतरी त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. ते वाचू शकणारा एखादाच जुना संगणक घरात उरलेला असतो. तो भंगारात देण्याआधी त्या फाइली उघडून पीडीएफ करून घ्या, फॉन्टचं नाव टिपून ठेवा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा. नाव ठाऊक असलं की ते काम पुष्कळ सोपं होतं. दिवाळीच्या आवराआवरीत एक दुपार यासाठी काढाच.