संगणकशक्तीचा सार्वजनिक पुरवठा

नळ सोडला कीं पाणी येतें. तें कोणत्या तलावांतून आलें याची चौकशी गृहिणी करीत नाहीं. ‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेचें मर्म या साध्या अनुभवांत आहे.

१९६० च्या सुमारास संगणक अत्यंत महाग होता. संशोधकानें आपलें गणित भोंकें पाडलेल्या कार्डांवर उतरावें, तीं कार्डें यंत्रचालकाच्या हवालीं करावीं आणि उत्तरासाठीं कित्येक तास तिष्ठत राहावें, असा परिपाठ होता. एक स्वल्पविराम चुकला, तरी सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून! यंत्राचा वेळ वांचावा म्हणून माणसाचा वेळ खर्ची पडे.

हा उफराटा व्यवहार बदलण्याची कल्पना अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जॉन मॅकार्थी यांनीं मांडली. एक मनुष्य विचार करीत थांबला असतां तेवढ्या अवकाशांत यंत्रानें दुसऱ्याचें काम करावें, हें तिचें सूत्र. १९६१ सालीं संस्थेच्या शतसांवत्सरिक उत्सवांत ते म्हणाले कीं, टेलिफोनप्रमाणें संगणनहि एके दिवशीं सार्वजनिक सेवा म्हणून चालवितां येईल. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळीं काम करतां येतें, हें प्रत्यक्ष दाखविलें.

परंतु ही शक्ति घरोघरीं पोंचविणारें स्वस्त व वेगवान् जाळें तेव्हां नव्हतें. ती उणीव पुढें इंटरनेटनें भरून काढली. अभियंते आपल्या आराखड्यांत जाळ्याची खूण म्हणून ढग काढीत. त्यावरून ‘क्लाउड’ हें नांव रूढ झालें. २००६ सालीं अमेझॉन कंपनीनें माहितीची सांठवण व संगणक हीं दोन्ही भाड्यानें देण्यास आरंभ केला. एका संगणकाचें भाडें तासाला अवघे दहा सेंट! यंत्रशाळा उभारण्याइतकें भांडवल नसलेल्या उद्योजकालाहि मोठ्या यंत्रांचा उपयोग करतां येऊं लागला. गरज वाढली कीं अधिक घ्यावें, सरली कीं सोडून द्यावें, पैसे वापरापुरते.

मात्र हा ढग आकाशांत नसतो. तो जमिनीवर, चार भिंतींच्या आंत असतो. १० मार्च २०२१ रोजीं मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील अशा एका केंद्राला आग लागली आणि त्याची एक इमारत भस्मसात् झाली. ज्यांनीं आपल्या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेविली होती, ते सावरले. ज्यांनीं ठेविली नव्हती, त्यांपैकीं कित्येकांचें संचित कायमचें गेलें.

पाण्याचा पुरवठा कितीहि भरंवशाचा असला, तरी शहाणी गृहिणी एक हंडा भरून ठेवितेच.