मालगुजार पाद्री

रायपूरच्या मिशनचा इतिहास वाचताना मला उपदेशाहून खंडवसुलीचं कुतूहल जास्त वाटतं. जर्मन पाद्री ऑस्कर लोर इथे आला १८६८ मध्ये. नागपूरकर भोसल्यांचं राज्य जाऊन चौदा वर्षं झाली होती. इंग्रजांच्या बंदोबस्ताने जुन्या गावटियांना गावाचे मालक, म्हणजे मालगुजार, करून टाकलं होतं. लोरने रायपूरच्या उत्तरेला दीड हजार एकरांवर पडीक जमीन मिशनसाठी घेतली, विश्रामपूर वसवलं आणि स्वतःच मालगुजाराच्या जागी बसला. पुढे मुलगा जुलियसही त्याच कामाला लागला. याला सेवा म्हणावं की घरचा कारभार? मला तरी दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

इथे वसले ते मुख्यतः सतनामी, सवर्ण मालगुजारांच्या वेठीला कंटाळलेले. त्यांना कसायला जमीन मिळाली, शाळा मिळाली, औषधपाणी मिळालं. हे थोडं नव्हे. पण प्रभुभोजनाची भाकर देणारा आणि खंड घेणारा हात एकच होता. पाद्र्याशी बिनसलं तर शेताचं काय, हा हिशेब प्रवचन ऐकतानाही कुळाच्या मनात चालू असणार. लोर १९०७ मध्ये वारला. मालगुजारी कायद्याने रद्द व्हायला १९५० उजाडलं.