तबकडीस साजेसे यंत्र

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गोहरजानचा आवाज मेणाच्या चकतीवर उतरवून घेतला, त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे आपल्याकडील रसिकापुढे यंत्राच्या निवडीचा प्रश्न फारसा बिकट नव्हता. ऐपतदाराने कपाटवजा यंत्र घ्यावे, इतरांनी चावीच्या पेटीवर भागवावे, एवढाच तो भेद. बाकी लाखेची तबकडी, पोलादी सुई आणि दर बाजूस ती बदलण्याचा दंडक दोघांनाही सारखाच लागू. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे ती हेतुपुरस्सर, की नवी सुई आरंभीच्या फेऱ्यांतच झिजून खोबणीच्या आकाराची व्हावी. शंभर ग्रॅमहून अधिक भार खोबणीवर टाकणारा तो साउंडबॉक्स पाहिला, म्हणजे इतक्या आघातांतूनही अब्दुल करीम खाँचा सूर आपल्यापर्यंत पोचला याचे मला आजही अपार आश्चर्य वाटते.

एक गोष्ट मात्र त्या काळीही जाणत्यास सतावीत असे, ती गतीची. जुन्या तबकड्या सरसकट मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेले गाणे ७८वर लावले, तर काळी एकमध्ये गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आणि त्याच्या आवाजाचा भरदारपणाच हरपतो.

खरी अडचण उभी राहिली ती १९४८ साली, अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची, मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी काढल्यावर. जुन्या खोबणीस इंचाच्या तीन सहस्रांशाएवढ्या त्रिज्येच्या टोकाची सुई लागे. नवीस एक सहस्रांशाची पुरे, आणि भारही अवघा काही ग्रॅमचा. जाड सुई बारीक खोबणीत नीट बसत नाही, बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी घासत खरखर करते. म्हणून एका दांडीवर दोन सुया बसवून कळ फिरवताच हवी ती पुढे आणण्याची तजवीज निघाली. पुढे सुईची थरथर विजेत बदलणारे चुंबकीय कार्ट्रिज आले. त्याचा विद्युत्प्रवाह इतका क्षीण की त्यास स्वतंत्र प्रवर्धक लागतो, आणि हा तपशील न विचारता यंत्र घरी आणणाऱ्याच्या पदरी कुजबुजीएवढाच आवाज पडतो.

मुंबईच्या चोरबाजारात चकचकीत पितळी कर्ण्याची यंत्रे पाहून मन मोहते, हे साहजिक आहे. परंतु त्यांवर दीर्घवादन तबकडी लावणे म्हणजे तिचा सत्यानाश करणे होय. मराठी घराच्या संग्रहात बालगंधर्वांची लाखेवरील नाट्यपदे आणि नंतरच्या पिढीच्या दीर्घवादन मैफली एकाच फळीवर नांदत असतात. अशा घरासाठी मी तरी पेटीच्या शिसवी लाकडावर खर्च न करता दोन सुया, ३३⅓, ४५ व ७८ अशा तिन्ही गती आणि गती किंचित कमीजास्त करण्याची कळ एवढे आधी पाहीन. आजची पुष्कळ यंत्रे ७८ची गती वगळूनच विकली जातात; ती कितीही किमती असली, तरी निम्मा संग्रह त्यांच्यापुढे मुका राहतो.