ताई ची इतकं हळू का?

मागच्या महिन्यात मी ताई ची शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी वैतागले. इतकं हळू? आणि म्हणे ही लढाईची कला!

मग जरा इतिहास चाळला. चीनच्या हनान प्रांतात चेनजियागोऊ नावाचं गाव आहे. सतराव्या शतकात तिथल्या चेन वांगतिंग यांनी ही कला रचली, असं बरेच अभ्यासक मानतात. चेन पद्धतीत आजही संथ चालीत मध्येच झटका येतो, पाय आपटला जातो. यांग लूचान (१७९९–१८७२) याच गावात शिकले आणि पुढे बीजिंगमध्ये राजदरबारच्या रक्षकांना शिकवू लागले. त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी उड्या-झटके गाळून सगळं एका लयीत आणलं. १९५६ मध्ये चीन सरकारने त्यातूनच २४ हालचालींची सोपी मालिका काढली. जेमतेम सहा मिनिटांची!

मग मूळ कला गेली का? लढाई बरीचशी गेली, हे खरं. पण गाभा राहिला. आत्ताच करून बघा. गुडघे किंचित वाकवा, सगळं वजन डाव्या पायावर घ्या, मग उजवा अलगद उचला. एक पाय भरलेला, एक रिकामा. यिन-यांग म्हणतात ते हेच, पायात उतरलेलं.

डगमगलात ना? मीही. भरभर केलं की ही चूक लपते, हळू केलं की उघडी पडते. माझा वैताग तिथेच संपला.

भेटू पुढच्या भागात!