नऊने भाग जाणारे राक्षस

आमचा पुतण्या शिरूरला मित्र जमवून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवतो. मूळ खेळ अमेरिकेतला, १९७४चा. १९७८ साली गॅरी गायगॅक्सने त्यात राक्षसांची तीन साहसं गुंफली : पहिल्याच्या खजिन्यात दुसऱ्याचा नकाशा!

म्हटलं, यात नवल काय? आमच्या शिरूरच्या खतावणीत एकदा २७ रुपयांचा फरक आला. नऊने भाग गेला, म्हणजे बहुधा आकडे उलटलेले. व्हाउचरांनी दौंडचा रस्ता दाखवला. एस.टी.नं गेलो. तिथं एक आजी महिनाभर काउंटरवर ‘माझे ८५, जमा ५८’ म्हणून रडत होत्या, ऐकतो कोण? ॲडव्हाइसवर ५८ लिहिणारं अक्षर माझंच!

पुतण्यानं हे साहस खेळात घातलंय. खेळाडू अजून शिरूरलाच अडलेत. खूण एकच, तीही भागाकाराची.